थंडीतले माहूर : ज्येष्ठांच्या पावलांनी

मार्गशीर्ष लागला की यवतमाळच्या माळावरची हवा बदलते. पहाटे अंगणात पाय ठेवला तर फरशी चटकन बोचते. शेतांत कापसाची वेचणी चालू असते, तूर पिवळ्या फुलांवर असते आणि घराघरांतली वडीलधारी मंडळी उन्हाचा पट्टा सरकेल तशी आपली खुर्ची सरकवीत बसतात. नेमक्या याच दिवसांत त्यांच्यापैकी कोणीतरी एक दिवस हळूच म्हणते, “एकदा गडावर जाऊन यावे म्हणते.”

आमच्या भागात गड म्हणजे माहूरगड. तो आज नांदेड जिल्ह्यात असला, तरी यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. मध्ये वाहते ती केवळ पैनगंगा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी या नदीच्या अलीकडचा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि पलीकडचा किनवट-माहूरचा मुलूख हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात. म्हणजे आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या असलेल्या आपल्या आई-वडिलांनी बालपणी माहूरला जाताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल ठेवले असेल. त्यांना त्याविषयी अवश्य विचारा. प्रवासातला पहिला तास त्या आठवणींतच सुखाने जाईल.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या आपल्यासाठीही. कारण त्या एका वाक्यानंतर घरात जो पेच पडतो, तो मी अनुभवला आहे. माझी आई ८१ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी रोजची. तिने गडाचे नाव काढले तेव्हा धाकट्या भावाने साफ नकार दिला, थोरली बहीण म्हणाली, “न्यायलाच हवे, पुढचे कोणी पाहिले आहे?” दोघांचेही प्रेम खरे होते. वाट मात्र दोघांच्याही सांगण्यात नव्हती. ती आम्हांला पायऱ्यांवर सापडली.

वाट आणि वेळ

यवतमाळहून माहूर साधारण पाऊणशे किलोमीटर. रस्ता आर्णीवरून जातो. अरुणावतीच्या काठावरील या गावात बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे. कंबलपोष म्हणजे घोंगडी पांघरणारा. थंडीच्या प्रवासात हे नाव ऐकून आईने आपली शाल नकळत नीट लपेटून घेतली होती. पुढे धनोड्याजवळ महामार्ग सोडून पैनगंगेचा पूल ओलांडला की सागाचे जंगल आणि डोंगर सुरू होतात. घरून निघताना पहाटेची घाई करू नका. थंडीत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक काम पडते; पहाटेची वेळ हृदयविकार असलेल्यांना त्यातही जपण्याची. म्हणून ऊन अंगावर येऊ द्या, नाश्ता आणि सकाळची औषधे होऊ द्या, मग निघा. दहाच्या सुमारास पोहोचलात तर चढणे, दर्शन आणि उतरणे हे सारे उन्हातच होते. डिसेंबरात संध्याकाळ लवकर होते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना मावळतीच्या उजेडात पायरीची कड दिसत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. त्यांच्या मात्र येते, पण त्या बोलत नाहीत.

एस. टी. ने जाणार असाल तर ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट. वयाचा पुरावा वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

दिवस निवडताना पंचांगही पाहा. माहूर हे दत्तात्रेयांचे जन्मस्थान मानले जाते, त्यामुळे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीला तेथे मोठी गर्दी लोटते. पौर्णिमेचे पुण्य मोठे खरे. परंतु ज्यांचा तोल चटकन जातो, ज्यांना लघवी रोखता येत नाही किंवा ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यासाठी त्यानंतरच्या आठवड्यातील एखादा साधा मंगळवार सोडून बुधवार-गुरुवारची सकाळ अधिक बरी. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या दर्शनाला वर्दळ जास्त असते. विस्मरण असलेल्यांच्या खिशात नाव आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अवश्य ठेवा.

कावड

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता अशी तीन स्थाने वेगवेगळ्या डोंगरमाथ्यांवर आहेत आणि समोर जुना किल्ला, रामगड. या क्षेत्राची कथा आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. तरीही वृद्ध माता-पित्यांना घेऊन येथे येणाऱ्याने ती पुन्हा एकदा मनाशी आणावी.

जमदग्नींचा वध झाला. त्यांचे अंत्यसंस्कार कोऱ्या भूमीवर, म्हणजे जेथे पूर्वी कोणाचे दहन झालेले नाही अशा जागी, व्हावेत म्हणून परशुरामांनी कावड केली. एका पारड्यात पित्याचे पार्थिव, दुसऱ्यात माता रेणुका. रानोमाळ फिरत ते माहूरच्या डोंगरावर आले. तेथे दत्तात्रेयांनी आचार्य होऊन विधी केले आणि रेणुकामाता सती गेली. परशुराम शोकाने व्याकूळ झाले, तेव्हा आकाशवाणी झाली की माता भूमीतून प्रकट होऊन तुला दर्शन देईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. पुत्राला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले, तेव्हा मातेचे केवळ मुख भूमीवर आले होते. ते तेवढेच राहिले. आजही गाभाऱ्यात आपण पाहतो तो देवीचा मुखवटा, तांदळा.

ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती; परंतु आईला घेऊन जाईपर्यंत तिच्यातली एक गोष्ट मला उमगली नव्हती. खांद्यावर कावड घेणारा पुत्रही शेवटी घाईत चुकला. भार वाहण्यात तो कमी पडला नाही. वाट पाहण्यात कमी पडला.

आणि माझेही तेच झाले. त्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही एकदा गडावर गेलो होतो. मी आईचा दंड धरून तिला अक्षरशः ओढीत वर नेले. “आणखी थोड्याच पायऱ्या,” असे दर वळणावर म्हणत राहिलो. दर्शन झाले, पण उतरताना तिचे पाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कठड्याला टेकून खाली बसली. सुदैवाने काही विपरीत झाले नाही. पण पुढे आठ दिवस ती घरात भिंतीचा आधार घेत चालत होती आणि गडाचा विषय निघाला की माझ्याकडे पाहत नव्हती.

पायऱ्यांचे शास्त्र

दुसऱ्या वेळी आम्ही आधी डॉक्टरांना विचारले. ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही किंवा थोडे चालल्यावरही छातीत दाटते, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय चढाचा विचार करू नये. बाकीच्यांनीही निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे घरच्या जिन्यावर सराव करावा. रोज थोडा, दम लागण्याच्या आत थांबणारा.

माहूरची उंची हवा विरळ व्हावी एवढी नाही. तेथे दम लागतो तो चढाने, थंड हवेने आणि घाईने. त्यावर एक सोपी कसोटी आहे. चढताना आपल्या आईला किंवा बाबांना एखादे पूर्ण वाक्य सहज बोलता येते का, ते पाहा. वाक्य मध्येच तुटू लागले की थांबा. आम्ही दर दहा पायऱ्यांना थांबलो. थांबण्याला निमित्त हवे असते, नाहीतर वृद्धांना लाजल्यासारखे होते. म्हणून मी दर थांब्यावर तिला काहीतरी विचारीत असे. समोरचा डोंगर कोणता, लग्नानंतर ती प्रथम कोणाबरोबर आली होती, असे काहीबाही.

गुडघा दुखत असेल तर एक नियम पाठ करून ठेवा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उतरणे सोपे वाटते, पण गुडघ्यांवर भार तेव्हाच अधिक येतो आणि पडणेही बहुधा तेव्हाच होते. सोबत करणाऱ्याने चढताना त्यांच्या मागे एक पायरी खाली राहावे; उतरताना पुढे एक पायरी खाली, अंग थोडे तिरके ठेवून. त्यांचा दंड आपण धरू नये. आपला हात कोपरात वाकवून पुढे करावा आणि तो त्यांना धरू द्यावा. दंड धरला की त्यांचा तोल आपल्या हाती जातो. हात पुढे केला की तो त्यांच्याच हाती राहतो.

कपडे एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थरांचे असावेत. चढताना घाम येतो, तेव्हा वरचा थर काढता येतो. थांबल्यावर तो पुन्हा चढवावा, नाहीतर ओल्या अंगाला वारा बाधतो. दमा असलेल्यांनी नाका-तोंडावर सुती रुमाल धरावा आणि फवाऱ्याचे औषध पिशवीत न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवावे. शालीचे टोक आणि लुगड्याचा घोळ पायात येणार नाही असे खोचावे.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. दर्शन होईपर्यंत उपाशी राहण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु औषध घेऊन उपाशी चढल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलणे विसंगत होणे ही त्याची लक्षणे. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. देवीला त्याचे वाईट वाटणार नाही. दुसरी गोष्ट पावलांची. पादत्राणे काढल्यावर दगड सकाळी गार आणि दुपारी तापलेला असतो. पायांची संवेदना कमी झालेल्यांना दोन्ही कळत नाही. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मिळतात, ते घालावेत. गुळगुळीत मोजे मात्र पायरीवर घसरतात. घरी आल्यावर पावले उजेडात नीट पाहावीत.

थंडीत तहान लागत नाही आणि उतारवयात ती तशीही मंदावलेली असते. वाटेत शौचाला जावे लागेल या भीतीने अनेक आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना आधीच सांगा की आपण दर तासाला थांबणार आहोत, आणि खरोखर थांबा. कोमट पाण्याचा थर्मास जवळ असू द्या. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे. छातीवर दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, एकाएकी धाप, तोंड वाकडे होणे किंवा शब्द अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर चढ तेथेच संपला असे समजा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोली, वाहन किंवा वर जाण्याची अन्य सोय त्या दिवशी आहे का, हे माहूरच्या बसस्थानकावर उतरताच विचारून घ्या; गर्दीच्या दिवसांत व्यवस्था बदलते. वानरांपासून प्रसादाची पिशवी आणि चष्मा जपा. हातातली पिशवी हिसकली गेली तर सोडून द्या. वृद्ध माणसे ती धरून ठेवतात आणि पडतात.

माघारीचे शहाणपण

माहूरच्या इतिहासातही आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे मोठा महसुली विभाग होता. पुढे शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा बादशहा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा १६२३ च्या सुमारास तो याच वाटेने गेला आणि आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात ठेवून पुढे निघाला. मी ही गोष्ट आईला सांगितली, तेव्हा तिने आपली भरगच्च पिशवी गाडीतच ठेवली.

याच माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई इतिहासात रायबागन या नावाने ओळखल्या जातात. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत कोंडली. त्या फौजेत रायबागनही होत्या. लढत राहिलो तर सर्वनाश आहे, हे ओळखून शरण जाण्याचा सल्ला त्यांनीच खानाला दिला आणि फौजेचे प्राण वाचले. वाघिणीचे नाव मिरविणाऱ्या बाईने माघार घेण्यात कमीपणा मानला नाही.

हे मी आपल्याला सांगतो, कारण दुसऱ्या खेपेला आई अर्ध्या वाटेत थांबली. दम लागला नव्हता, वाक्य तुटत नव्हते. उन्हाने उबदार झालेल्या एका रुंद पायरीवर ती बसली, वर पाहिले आणि म्हणाली, “बाबू, आता बस झालं. मले इथूनच दिसते माय.”

माझ्या तोंडावर “आणखी थोड्याच पायऱ्या” आले होते. ते मी गिळले. तिच्याजवळ बहिणीला बसवून मी एकटा वर गेलो, दर्शन घेतले आणि तांबूल घेऊन आलो. माहूरचा प्रसाद म्हणजे विड्याचे पान, कात, सुपारी, बडीशेप वगैरे एकत्र कुटून केलेला तांबूल. दात नसलेल्या तोंडालाही तो सहज विरघळतो. आईला गेली सहा वर्षे विडा चावता आलेला नाही. तिने तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गेल्या वेळी वर आले होते, पण मले काही आठवतच नाही. पायच दिसत होते निस्ते.”

आपल्या परंपरेत कळसाचे दर्शनही दर्शनच मानले आहे. पंढरीला तर नामदेवांनी पायरीचीच जागा मागून घेतली. तेव्हा ज्यांची पावले मध्येच थांबतात, त्यांची यात्रा अपुरी राहिली असे समजू नये आणि त्यांनाही तसे समजू देऊ नये.

पायथ्याशीही माहूर आहे

ज्यांना एकही पायरी चढायची नाही, त्यांनीही जरूर यावे. गावात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. गावालगत पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी कोरीव लेणी आहेत. आतील जमीन उंचसखल असल्याने आजी-आजोबांना बाहेरूनच, उन्हात खुर्ची टाकून दाखवावीत. महानुभाव पंथीयांना श्रद्धेय असलेले देवदेवेश्वराचे मंदिरही येथेच आहे. पंथाच्या पाच कृष्णांपैकी एक असलेल्या दत्तात्रेयप्रभूंचे हे स्थान. रामगडाचा चढ नातवंडांवर सोपवावा. त्यांनी वर जाऊन यावे आणि काय पाहिले ते खाली बसलेल्यांना सांगावे. दत्तशिखर, अनसूयामाता आणि रेणुकामाता ही तिन्ही स्थाने एकाच दिवशी करण्याचा आग्रह नको. एक स्थान निवडा, उरलेली पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

दुपारी गरम भाकरी, सोल्यांची आमटी किंवा वांग्याचे भरीत असे ताजे आणि बेताचे जेवण घ्या, थोडे पडून राहा आणि ऊन कलण्यापूर्वी परतीला लागा. घरी पोहोचल्यावर कोमट पाण्याने पाय शेकावेत, पाण्याची ऊब आधी आपल्या हाताने तपासून. दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखू लागली किंवा धाप कमी होत नसेल, तर प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवावे.

परतताना पैनगंगेच्या पुलावर आईने गाडी थांबवायला सांगितली. मागे वळून पाहिले तर डोंगर मावळतीच्या उन्हात दिसत होते. ती बराच वेळ पाहत राहिली. यंदा मार्गशीर्ष लागताच तिने विचारले, “पुन्हा नेशील ना रे? त्या पायरीपर्यंतच.” आम्ही तारीख ठरवली आहे. गुरुवार आहे, दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यानंतरचा. आपणही आपल्या घरच्या खुर्चीत ऊन खात बसलेल्या माणसाला आज विचारून पाहा, आणि उत्तर आले की आधी त्याला विचारा, कोणत्या पायरीपर्यंत.